आप्पांना विचारून जा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा कुणीतरी विचारलं, ‘गंगापूर रोडला सगळ्यात चांगली मिसळ कुठे मिळते? पाहुणे येणार आहेत.’ झालं! एरवी पाण्याच्या टाकीच्या साफसफाईबद्दल विचारलं तर एक जण तोंड उघडत नाही, पण मिसळ म्हटल्यावर सगळे जागे झाले. कुणी म्हणे चुलीवरचीच खा, कुणी म्हणे तिथे झोपाळे आहेत, पोरं रमतात. एकाने तर व्हिडिओ टाकला. त्यात एक तरुण पहिला घास तोंडात घालतो आणि डोळे मोठे करून मान डोलावतो. अरे बाबा, घास अजून दातांखाली गेला नाही, त्याच्या आधीच कसला डोलतोस?

मी टाइप केलं, ‘पाहुणे कोण आहेत?’ आणि पुसून टाकलं. लोकांना वाटलं असतं, हा भोचकपणा करतोय. तो प्रश्न माझा नाहीच. तो आप्पांचा.

आप्पा आमच्या सातपूरच्या कंपनीत इन्स्पेक्शनला होते. किडकिडीत अंग, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी स्टीलची सहा इंची पट्टी. मशीनवरून उतरलेला प्रत्येक जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, त्यांच्या टेबलावरून जायचा आणि त्यांनी ‘नाही’ म्हटलं की मॅनेजर आला काय नि मालक आला काय, तो जॉब भंगारात जायचा. पण कंपनीत त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच कारणासाठी. नाशकात कुठे काय खावं, हे आप्पांना विचारल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. ‘आप्पांना विचारून जा,’ असं शिपायापासून साहेबापर्यंत सगळे म्हणायचे.

आणि आप्पांना विचारणं म्हणजे सोपं काम नव्हतं. ते हॉटेलचं नाव कधीच आधी सांगायचे नाहीत. आधी तीन प्रश्न. कोण खाणार आहे? काल काय खाल्लं? आणि खाऊन झाल्यावर कुठे जायचंय? ही तीन उत्तरं मिळाली की पट्टीने टेबलावर टकटक करायचे आणि मग नाव सांगायचे. कधी कुठल्या टेबलावर बसायचं तेही. ‘सगळ्यात चांगलं कुठलं?’ असं कुणी विचारलंच तर त्यांचं डोकं फिरायचं.

‘सगळ्यात चांगलं औषध कुठलं, असं विचारतोस का डॉक्टरला?’

मी ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. नामपूरहून एक पत्र्याची पेटी घेऊन आलेला. सातपूर कॉलनीत खोली होती, स्टोव्ह नव्हता, आणि असता तरी मला काय येत होतं! अकराव्या दिवशी हिय्या करून आप्पांना विचारलं, ‘जेवायला बरं कुठे मिळेल?’

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘घरून निघून किती दिवस झाले?’

‘अकरा.’

‘आईचा फोन येतो?’

‘रोज येतो. जेवन व्हयनं का, एवढंच विचारते.’

ही आमच्या बागलाणाकडची बोली. जेवण झालं का, एवढाच तिचा अर्थ. पण ती ऐकून आप्पांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘कामगार वसाहतीच्या मागे तुमच्या बागलाणातल्याच, सटाण्याकडच्या एक बाई खानावळ चालवतात. तिथे जा. शेवटच्या टेबलावर बस, भिंतीकडे तोंड करून.’

मला वाटलं, म्हातारा जरा चक्रमच दिसतोय. भिंतीकडे तोंड कशाला? पण गेलो. बसलो तसाच. ताटात बाजरीची भाकरी आली, उडदाची डाळ आली, वर ठेचा, आणि पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना. ठेच्याचं नव्हतं ते. भिंतीकडे तोंड होतं म्हणून अब्रू वाचली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी विचारलं, ‘कसं लागलं?’

‘चांगलं लागलं.’

‘चांगलं हे माप नाही,’ आप्पा म्हणाले. ‘जॉब चांगला आहे, असं लिहून देऊ का मी? नीट सांग. आधी काय लागलं? मग काय? आणि शेवटी?’

मी गडबडलो. काहीबाही सांगितलं. डाळीला लसूण होता, भाकरी जरा करपली होती. आप्पा पुढे वाकून ऐकत होते, तोंडी परीक्षा घेणाऱ्या मास्तरांसारखे. करपली म्हणजे कडेला की मध्ये? लसूण कच्चा की लाल झालेला? मला घाम फुटला. पण त्या दिवसापासून मी लक्ष देऊन जेवायला लागलो, हे मात्र खरं. परत येऊन आप्पांना उत्तरं द्यायची असायची ना!

त्यांच्या ह्या चौकशीतून कुणी सुटायचं नाही. ‘मस्त’, ‘भारी’, ‘एक नंबर’ असले शब्द आप्पा टेबलावरून खाली ढकलल्यासारखे करायचे. आमच्यातला एक फिटर होता, तो एरवी दिवसात दहा शब्द बोलायचा नाही. तो आप्पांसमोर बसून शालिमारजवळच्या एका गाडीवरच्या भेळेचं पंधरा मिनिटं वर्णन करताना मी पाहिलाय. चिंचेच्या पाण्यावर येऊन अडला बिचारा. शब्द सापडेना. आप्पा म्हणाले, ‘बस, बस विचार कर. चहा घे.’

पुण्याहून एक ऑडिटर आला होता एकदा. आल्यापासून कावलेला. हे रजिस्टर कुठाय, ते का नाही, सगळ्यांच्या नावाने शंख. दुपारी साहेबांना त्याला कॉलेज रोडच्या एसी हॉटेलात न्यायचं होतं, पंजाबी जेवण, वर आइस्क्रीम. आप्पांनी बाहेर जाऊन त्याच्या ड्रायव्हरशी दोन मिनिटं गप्पा मारल्या आणि आत येऊन साहेबांना म्हणाले, ‘कालपासून त्याचं पोट बरं नाही. सकाळी रस्त्यात गार वडा खाल्लाय. पंचवटीत नेतो मी त्याला.’ पंचवटीतल्या एका जुन्या बोर्डिंगात आप्पांनी त्याला मऊ भात, तूप आणि मेतकूट खायला घातलं. परत आला तो माणूसच वेगळा. रजिस्टर सापडत नव्हतं तर म्हणाला, ‘सापडलं की मेल करा.’

माझ्या लग्नानंतरची गोष्ट तर बायको अजून चारचौघांत सांगते. आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. कशावरून, ते आज दोघांनाही आठवत नाही. आप्पांना मी फक्त एवढंच म्हटलं की, संध्याकाळी दोघं जेवायला जाणार आहोत, पटकन मिळेल असं ठिकाण सांगा. आप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रविवार कारंजाजवळच्या एका हॉटेलचं नाव सांगितलं. गेलो. अर्धा तास झाला, काही येईना. पाऊण तास झाला. वेटर पाणी ठेवून गायब. आधी आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो, मग दोघं मिळून हॉटेलवाल्याला शिव्या घालायला लागलो, मग आप्पांना, आणि ताट येईपर्यंत आम्ही हसत होतो. दुसऱ्या दिवशी मी तणतणत गेलो. आप्पा शांतपणे म्हणाले, ‘त्याच्याकडे पाऊण तास लागतोच. म्हणून तर पाठवलं.’

आप्पांची आणखी एक खोड होती. हॉटेलात गेले की ते कधी मेनूकार्ड बघायचे नाहीत, स्वयंपाकघराकडे बघायचे नाहीत आणि टीव्हीकडे तर नाहीच. खाणाऱ्यांकडे तोंड करून बसायचे. समोरची जागा नसेल तर उभे राहायचे. आणि एकेकाकडे असे रोखून बघायचे की कधीकधी लोक चिडायचे. ‘काय बघताय काका?’ असं एकदा एकाने दरडावून विचारलं. आप्पा म्हणाले, ‘तुम्ही चटणी बाजूला काढली. का हो?’ तो माणूस इतका गोंधळला की खरं उत्तर देऊन बसला.

कंपनीत त्यांच्या धीराची एक कथा सांगितली जायची. कॅन्टीनमध्ये एकदा सिलिंडर गळायला लागला. वासाने सगळे खुर्च्या पाडत बाहेर पळाले. बाहेर मोजदाद केली तर आप्पा नाहीत. खिडकीतून बघतो तर आत एकटे बसून चहात बिस्कीट बुडवतायत! दोघांनी तोंडाला रुमाल बांधून आत जाऊन त्यांना अक्षरशः उचलून आणलं. आप्पा म्हणत होते, ‘अरे, काय झालं काय?’ त्या दिवसापासून त्यांच्याकडे आम्ही जरा घाबरूनच बघायला लागलो. माणूस आहे का कोण!

त्यांच्या घरी मी बरेचदा जेवलो. काकू फार सुंदर करायच्या, विशेषतः वांग्याची भाजी. पण त्या आप्पांना कधी ‘कशी झालीय?’ असं विचारायच्या नाहीत. माझ्याकडे वळायच्या. ‘तू सांग रे बाबा. ह्यांना विचारून काय उपयोग!’ मी खो खो हसायचो. अख्ख्या नाशकाला खायला शिकवणाऱ्या माणसाला घरात कुणी विचारत नाही, ह्याची मला गंमत वाटायची. आप्पाही हसायचे. काकू मात्र हसायच्या नाहीत, हे मला फार नंतर आठवलं.

आता एका गाड्याबद्दल सांगतो. सगळं त्याच्यासाठीच चाललंय.

सातपूरला पाण्याच्या टाकीमागे एक मिसळीचा गाडा आहे. पाटी नाही. तीन बाकडी आणि वर निळी ताडपत्री. सकाळी सातला सुरू आणि साडेदहाला पातेलं पालथं. ह्या गाड्यावर आप्पा कुणाला पाठवत नसत, स्वतः घेऊन जात, आणि तेही माणूस पारखून. मला सहा महिन्यांनी नेलं. गाडा चालवायचा तो चांदवडकडचा, सगळे त्याला भाऊ म्हणत. त्याच्या बापाने तो सुरू केला होता आणि आप्पा बापाच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. मिसळ काळ्या मसाल्याची. रस्सा बघून भीती वाटावी असा काळा, पण खाल्ल्यावर पोटात आग नाही.

‘खाऊ नकोस अजून,’ आप्पा म्हणाले. ‘आधी बघ. त्या समोरच्याकडे बघ. पहिल्या घासाला माणूस बोलतो. दुसऱ्याला लिंबू पिळतो. तिसऱ्याला पाव मोडतो. आता चौथा. बघ.’

समोरचा माणूस शेजाऱ्याला मोबाइलच्या रिचार्जबद्दल काहीतरी सांगत होता. चौथा घास गेला आणि वाक्य अर्धवट टाकून तो गप्प झाला. ताट रिकामं होईपर्यंत बोललाच नाही. मग दुसरा, मग तिसरा. अख्ख्या बाकड्यावर नुसता चमच्यांचा आवाज.

‘दुसरीकडे कुठे असं होत नाही,’ आप्पा हळूच म्हणाले. ‘खा आता.’

मी खाल्ली. आणि नेहमीप्रमाणे परीक्षा. आधी काय, मग काय, आणि शेवटी? मी म्हटलं, शेवटी तिखट. आप्पांनी मान हलवली. ‘तिखट मध्ये आहे. शेवटी काहीतरी वेगळं आहे. पाणी प्यायच्या आधी.’ पुढची कित्येक वर्षं, त्या गाड्यावर गेलो की आप्पा विचारायचे, ‘आणि शेवटी?’ आणि मी कधी लवंग सांगायचो, कधी दगडफूल. त्यांचं समाधान व्हायचं नाही.

आप्पा रिटायर झाले, मी सीनियर झालो, तरी रविवारी सकाळी मी स्कूटर घेऊन त्यांच्या दारात आणि मग दोघं गाड्यावर, हा नेम चुकला नाही.

दोन वर्षांपूर्वी थंडीत भाऊ गेला. हार्ट अटॅक. पंचेचाळिशीचा माणूस. तेराव्यानंतर चारच दिवसांनी त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, गाडा उघडला. वर्षाचा मसाला डब्यांत भरलेला होता, त्यावर होळीपर्यंत निभावलं. नंतर खरी पंचाईत. कारण तो मसाला भाऊ दरवर्षी उन्हाळ्यात पाच दिवस गावी जाऊन करायचा. आधी आईबरोबर आणि ती वारल्यावर एकटाच. ते पाच दिवस वहिनी इथे गाडा सांभाळायच्या. त्यामुळे मसाला होताना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्याजवळ भाऊच्या अक्षरातला एक कागद होता. धने इतके, खोबरं इतकं, मिरच्या तीन प्रकारच्या. प्रमाण सगळं होतं.

‘आप्पा, ह्या कागदावरून करते मी,’ वहिनी म्हणाल्या. ‘जमला तर गाडा चालवायचा. नाय जमला तर इकून टाकते आन् माझ्या भावाकडं जाते चांदवडला. उगं त्यांच्या नावावर भलतंच खाऊ घालायचं नाय मला. पण जमला का नाय ते तुमी सांगायचं. तुमच्याइतकी ती चव कुनाला ठावी नाय.’

आप्पांनी कागद वाचला, परत दिला. मग म्हणाले, ‘जुनी गिऱ्हाइकं बोलाव. दहा-बारा. रविवारी.’

एप्रिल संपत आला होता. त्या रविवारी आम्ही सगळे जमलो. आप्पांनी समोर स्टूल टाकून घेतलं आणि आमच्याकडे तोंड करून बसले. वहिनींनी ताटं दिली. रंग तोच, तर्री तीच. आणि पहिल्या घासापासून जे कौतुक सुरू झालं! ‘वा वहिनी!’ ‘तीच चव!’ ‘भाऊच आठवला!’ एक जण म्हणाला, ‘भाऊपेक्षा काकणभर सरस.’ मीही म्हणालो, छान झालीय. खरं सांगायचं तर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. पण ज्या बाईचा नवरा जाऊन चार महिने झालेत, तिला काय सांगणार? वहिनींचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता.

लोक पांगले. वहिनी पदराला हात पुसत आप्पांसमोर आल्या.

आप्पा म्हणाले, ‘नाही, ताई.’

‘काय नाय?’

‘ही ती नाही.’

मला वाटलं, उठून म्हाताऱ्याच्या तोंडावर हात दाबावा. कंपनीतला जॉब आहे का हा, भंगारात टाकायला? मी म्हटलंही, ‘आप्पा, अहो सगळ्यांनी वाखाणली.’

‘तेच तर. बोलत होते. शेवटच्या घासापर्यंत बोलत होते.’ मग वहिनींना म्हणाले, ‘तुझ्याकडे बघून बोलत होते, ताई. दया म्हणून लोक दोन महिने येतील. तिसऱ्या महिन्यात येणार नाहीत.’

वहिनींचा राग उसळला. आणि का उसळू नये? ‘तुमी ताट चाटूनपुसून खाल्लं आन् आता नाय म्हनता? मग काय कमी हाय ते सांगा ना! मीठ? मिरची? धने? एवढ्या वरसांचं खानारं तुमी, एक गोष्ट सांगा. नुसतं नाय नाय म्हनायला काय लागतंय!’

आप्पांनी चष्मा काढला.

‘ताई, मला वास येत नाही,’ ते म्हणाले.

आम्हाला काही कळेना.

‘सव्विसाव्या वर्षी लुनावरून पडलो, डोकं दगडावर आपटलं. तेव्हापासून कशाचाच वास नाही. मीठ कळतं, तिखट कळतं, आंबट, गोड, कडू कळतं. बाकी सगळं गेलं. तुझी ही मिसळ, घरची वांगी, आंबा, सगळं मला एक तर मऊ, नाहीतर कडक. घरी बायकोला ठाऊक आहे. बाकी कुणाला सांगितलं नाही कधी.’

कॅन्टीनमधला सिलिंडर माझ्या डोळ्यांसमोर आला. बिस्कीट बुडवणारे आप्पा. ‘ह्यांना विचारून काय उपयोग’ म्हणणाऱ्या काकू. आणि ते वीस वर्षांचं ‘कसं लागलं? आधी काय? मग काय?’ मी मूर्ख ती परीक्षा समजत होतो. तो माणूस आमच्या तोंडून जेवत होता हो! आणि आम्ही त्याला ‘मस्त’ आणि ‘भारी’ वाढत होतो. मला माझीच इतकी लाज वाटली की मी दुसरीकडे बघायला लागलो.

वहिनी मटकन बाकावर बसल्या. ‘मग तुमी आमची मिसळ...’

‘तुझ्या सासऱ्याच्या हातची दोन वर्षं खाल्लीय मी, पडायच्या आधी. ती लक्षात आहे. नंतर लोकांच्या तोंडाकडे बघून समजायचं, तीच आहे की नाही. आज नाही.’ ते थांबले. ‘काय कमी आहे ते मला खरंच सांगता येणार नाही, ताई. माफ कर.’

वहिनी मांडीवरचे हात बघत बसल्या होत्या. आप्पांचंही लक्ष त्या हातांकडे गेलं. मग ते एकदम पुढे वाकले. जॉबवर चरा दिसल्यावर वाकायचे तसे.

‘मसाला कधी केलास?’

‘झाले चार दिस.’

‘कांदा कशावर भाजलास?’

‘तव्यावर. गॅसवर. का?’

‘तुझी नखं स्वच्छ आहेत,’ आप्पा म्हणाले. ‘भाऊ गावाहून मसाला घेऊन यायचा ना, पुढचे आठ दिवस त्याची नखं काळी असायची. अगदी मुळापासून. त्याच्या बापाचीही असायची. मी ताट घेताना बघायचो.’

वहिनींनी भाऊचा कागद काढला. त्यावर एवढंच होतं, ‘कांदा भाजून, वाळवून.’ कशावर भाजून, ते लिहिलं नव्हतं. त्याला ते लिहायची गरजच वाटली नसणार. त्याच्या गावी कांदा भाजायची दुसरी रीतच नव्हती.

आणि मी! कांद्याच्या मुलखात जन्मलेला मी! आमच्या नामपूरला कांदा काढणीला आला की दुपारी बांधावर जाळ करायचा, निखारे पडले की आख्खा कांदा त्यात ढकलायचा, वरची जळकी साल हाताने सोलायची आणि आतला मऊ कांदा मिठाशी खायचा. दोन दिवस बोटांचा काळेपणा जायचा नाही. मी हे वहिनींना सांगितलं तशा त्या उठल्याच. तव्यावरच्या कांद्याचा केलेला सगळा मसाला त्यांनी शेजारपाजारी वाटून टाकला आणि गाडा बंद करून चांदवडला गेल्या.

मे अर्धा उलटल्यावर फोन आला. ‘रविवारी या. आप्पांना आना.’

तीच बाकडी, तेच लोक. आप्पा समोर स्टुलावर. वहिनी ताट द्यायला आल्या तेव्हा आप्पांनी ताटाकडे पाहिलंच नाही, हातांकडे पाहिलं. नखं काळी होती, अगदी मुळापासून. एका बोटाला भाजल्याचा फोड.

पहिला घास. कुणीतरी उन्हाळ्याबद्दल बोलत होतं. दुसरा. लिंबं पिळली गेली. तिसऱ्याला पाव मोडले. पुण्याहून आलेला कुणाचा तरी मेव्हणा गंगापूर रोडच्या फ्लॅटचे भाव सांगत होता. चौथा घास त्याच्या तोंडात गेला. ‘टू बीएचके तर आता...’ एवढं म्हणाला आणि थांबला. पुढे बोललाच नाही.

वहिनी गाड्यापाशी उभ्या होत्या. एकही जण बोलेना तशा त्या घाबरल्या. ‘काय झालं? कुनी काय बोलत का नाय? नाय जमली का?’

आप्पांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. त्यांचं लक्ष समोरच्या बाकावरून हटत नव्हतं. चमच्यांचा आवाज होत होता. शेवटी एक म्हातारा मान वर न करताच म्हणाला, ‘वहिनी, रस्सा.’ वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि पातेल्याकडे वळल्या. रस्सा वाढताना त्यांचे खांदे हलत होते, पण थेंबभरही सांडला नाही.

मग आप्पा माझ्याकडे वळले. त्यांचं ताट तसंच होतं.

‘सांग,’ ते म्हणाले. ‘कसं लागलं?’

मी ताट खाली ठेवलं. पाणी प्यायलो नाही. त्या दिवशी मी घाई केली नाही. आधी मटकीचं कच्चेपण सांगितलं, शेव भिजायच्या आत दाताखाली येते तेव्हाचं तेल सांगितलं. मग रस्सा, धन्याचा, जाळावर धरलेल्या खोबऱ्याचा. मग घशाशी येऊन थांबणारं तिखट. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

‘आणि शेवटी?’

‘शेवटी धूर आहे, आप्पा,’ मी म्हटलं. ‘थोडासाच. बांधावरची शेकोटी विझते ना, आणि आपण राखेतून कांदा उकरून काढतो, सोलतो, आणि नंतर घरी जाऊन हात धुतले तरी बोटांना जो राहतो, तो. तिखट गेल्यावर तो एकटा मागे राहतो.’

आप्पांचे डोळे मिटलेलेच होते. मग त्यांनी अंदाजाने ताट पुढे ओढलं, पाव मोडला, रश्श्यात बुडवला आणि घास तोंडात घातला.

‘हां,’ ते म्हणाले. ‘तीच.’